नुआलाची ओटी

आमच्या नॉटिंगहॅमच्या मंडळाची सहल म्हणजे गिरीशची सहल. रिटायर होण्याआधी तो रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर होता, त्यामुळे माणसांनाही तो गाड्यांसारखाच हाकतो. आयर्लंडच्या तीन दिवसांचं जे पत्रक त्याने वाटलं, त्यात टॉयलेटला किती मिनिटं तेही लिहिलं होतं. डब्लिन त्याने मुळातच गाळलं, कारण ते दुसऱ्या देशात आणि आमच्यातल्या दोघा-तिघांचे ब्रिटिश व्हिसे बॉर्डरपलीकडे चालत नव्हते, आणि त्यांना मागे ठेवून बाकीच्यांनी मजा करायची हे मंडळाला शोभत नाही असं त्याचं म्हणणं. माणूस तापदायक आहे, पण मनाने बरा आहे. मग उरलं बेलफास्ट, डेरी आणि मधला समुद्रकिनारा. मला त्या पत्रकातल्या एकाच ओळीशी मतलब होता. तिसरा दिवस, शनिवार, एक ते एक पन्नास, बॅलीकॅसल, लंच.

बॅलीकॅसलला नुआला मॅकॉली राहते. निदान सहा वर्षांपूर्वीच्या ख्रिसमस कार्डावर तिचा तिथला पत्ता होता. सहल ठरल्या ठरल्या मी पत्र टाकलं, की अमुक शनिवारी एक वाजता येतेय. दोन महिने झाले, उत्तर नाही. बाई आता एकोणऐंशीची असणार. या वयात उत्तर का येत नाही ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी मंडळात सगळ्यांनी समजावून सांगितलं.

नुआला कोण ते सांगते. एकोणीसशे एकोणऐंशीचा जानेवारी, गुडघाभर बर्फ. मी बावीस वर्षांची पहिलटकरीण. माझे यजमान चंद्रशेखर इथे ज्युनिअर डॉक्टर, म्हणजे घरी फक्त झोपायला, तेही नेमाने नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. मला मिरजेला जाणं जमणारं नव्हतं म्हणून आई इकडे यायची होती. तिकीटसुद्धा काढून झालं होतं. निघायच्या पंधरा दिवस आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि आईचं येणं राहिलं. तिच्याऐवजी तिचं पार्सल आलं. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, आणि कशाचं काय करायचं त्याचं चार पानी पत्र. मला तेव्हा धड वरण येत नव्हतं. मी ते पार्सल पलंगाखाली सारलं आणि बाळाबरोबर मीही रडत बसले.

त्या काळी बाळंतीण हॉस्पिटलमधून घरी आली की मिडवाइफ दहाव्या दिवसापर्यंत रोज येऊन बघून जायची. आमच्याकडे आली ती नुआला. उंच, हाडापेराने मोठी, आणि बोलायला लागली की निम्मं मला कळायचं नाही, इतकं तिचं इंग्रजी वेगळं. तिला ते पार्सल दिसलं. माझ्याकडून आईचं पत्र तिने ओळ न् ओळ इंग्रजीत वाचून घेतलं आणि बाह्या वर केल्या. अळीव भिजलेले बघून म्हणाली की ही बेडकाची अंडी आहेत, पण तुझी आई म्हणते तर खा. डिंकाचे लाडू असे झाले की चंद्रशेखरांनी ते खलबत्त्यात कुटून खाल्ले. धुरी मात्र तिने दिली नाही. बाळाची छाती म्हणजे चिमणी नव्हे, म्हणाली, आणि विषय संपवला.

दहाव्या दिवशी तिने कागदावर सही केली, तिची ड्युटी संपली. जाताना सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुझी आई आली असती तर किती दिवस राहिली असती. मी म्हटलं, सव्वा महिना तरी. अकराव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नुआला, युनिफॉर्म नाही, साधा कोट. त्यानंतर ती सव्वा महिना रोज आली. कधी ड्युटीच्या आधी, कधी ड्युटी संपल्यावर, एकदा तर गाडी बर्फात अडकली म्हणून चालत. बाळाला न्हाऊ घातलं, माझ्या पाठीला तेल चोळलं, फाडलेल्या चादरीचा पोटपट्टा बांधला. मला एक कपभर पाणी उचलू दिलं नाही. असं माझं बाळंतपण झालं.

आता ज्या गोष्टीसाठी मी सेहेचाळीस वर्षं मनातल्या मनात स्वतःला चापट्या मारतेय ती सांगते. शेवटच्या दिवशी ती कोट घालून दारात उभी राहिली. चंद्रशेखर पाच वेळा थँक यू म्हणाले. मी बाळाला घेऊन उभी होते, आणि मी काहीच बोलले नाही. ती क्षणभर थांबली. माझ्याकडे बघत होती. मग बरं तर, असं काहीसं पुटपुटली आणि जिना उतरून गेली.

मला बोलता येत नव्हतं असं नाही. पण आपल्यात आईचे कोणी आभार मानतं का? मी माझ्या आईला जन्मात थँक यू म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, की मी काय तुला परकी झाले? आपल्या माणसाचे आभार मानले की तो आपला राहत नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायले होते. नुआलाला मी आईच्या जागी धरलं होतं, म्हणून तोंड मिटून उभी राहिले. हे शहाणपण मराठीतलं. नुआलाला ते कुठून कळणार? या देशात बसमधून उतरताना ड्रायव्हरलासुद्धा थँक यू म्हणतात. पुढे ती तिच्या आईचं करायला घरी परत गेली, दर ख्रिसमसला तिचं कार्ड यायचं, मीही दिवाळीला पत्र टाकायची, पण ते दोन शब्द कधी लिहिले नाहीत. आधी रीत म्हणून, मग लाज म्हणून. सहा वर्षांपूर्वी चंद्रशेखर गेले आणि माझा सगळ्यांनाच लिहिण्यातला रस गेला. तिच्या शेवटच्या कार्डाला मी उत्तरच दिलं नाही.

क्षितिज, म्हणजे तेव्हाचं ते बाळ, आता एडिनबराला फायनान्समध्ये आहे. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, इट्स टू वर्ड्स. जा, थँक यू म्हण, फिनिश. ती तुझा वाट बघत असेल." तुझा नाही रे, तुझी, असं मी म्हटलं, आणि फोन ठेवला. दोन शब्द म्हणे. सेहेचाळीस वर्षांनी जाऊन दोन शब्द टाकायचे, जशी काही मी तिच्याकडून छत्री उसनी नेली होती. आईचं ऋण मानायची आपली एक रीत आहे आणि ती मला पक्की ठाऊक होती. मी लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांत गेले, शेंडीवाला नारळ मिळवला, कारण सुपरमार्केटमधला तो सोललेला गुळगुळीत नारळ ओटीत घालायला मला लाज वाटली असती. पेटीतला हिरवा इरकली खण काढला. तांदूळ, हळकुंडं, सुपारी आणि हळदीकुंकवाचा करंडा बॅगेत घातला. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या माणसाने नारळ हातात घेऊन विचारलं, हे कशासाठी. माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या आईसाठी. त्याने नारळ परत दिला.

पहिल्या दिवशी बेलफास्ट झालं. भिंतींवरची भलीमोठी चित्रं, सिटी हॉल, जिथे टायटॅनिक बांधली ती गोदी. आमचा कोचचा ड्रायव्हर शहराबद्दल असा बोलत होता जसं आपण घरातल्या हट्टी, भांडून मग शहाण्या झालेल्या माणसाबद्दल बोलतो. दुसऱ्या दिवशी डेरी. गावाभोवती चारशे वर्षांचा जुना तट, त्यावरून पूर्ण फेरी मारता येते, खाली नदी आणि तिच्यावरचा वळणाचा पादचारी पूल. छान होतं. पण त्या तटावरच घोडं अडलं.

माझ्याबरोबर माझी नणंद सुलक्षणा होती. ती बर्मिंगहॅमला असते, तिचे यजमान ज्ञानेश्वर गुडघ्यांमुळे आले नव्हते, म्हणून आम्ही दोघी एका खोलीत होतो. तटावर वारा सुटला, तिने माझ्या बॅगेतून रेनकोट काढायला हात घातला आणि हाताला नारळ लागला. ओटी कुणाची, म्हणाली. मी सांगितलं. ती चालायची थांबली.

"वहिनी, त्या बाईंचं लग्नच झालेलं नाही ना? आणि भरणार कोण, तू?"

वाईट बोलली नाही ती. हळूच बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. सवाष्णीने सवाष्णीची ओटी भरायची. इथे घेणारी जन्माची कुमारिका आणि देणारी विधवा, दोन्ही बाजूंनी नापास. चंद्रशेखर गेल्यापासून मंडळाच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या मी करते, रांगोळी मी काढते, आणि करंडा फिरायला लागला की चहा टाकायच्या निमित्ताने किचनमध्ये जाते. मला कुणी जा म्हणत नाही. मला कुणी थांबही म्हणत नाही. कुणीतरी म्हणेल असं सहा वर्षं वाटत राहिलं, आणि ते सुलक्षणा म्हणेल असं सगळ्यात जास्त वाटलं, कारण माझं दुःख तिला ठाऊक आहे. तिचाच भाऊ होता तो.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. मी म्हटलं, देवाने हे नियम सांगितले तेव्हा तू लिहून घ्यायला बसली होतीस का? त्यावर ती म्हणाली, की एवढंच असेल तर खण-नारळ नुसते हातात दे, गिफ्ट म्हणून. गिफ्ट! मग मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की पुढचा अर्धा तट मी पुढे आणि ती मागे अशा चाललो आणि जेवताना गिरीशला मध्ये बसावं लागलं. सकाळी तिने केटल लावून माझ्या उशाशी चहा ठेवला. चहाने काय माझं घोडं मारलं होतं, म्हणून तो मी प्याले. बोलले मात्र नाही.

तिसरा दिवस किनाऱ्याचा. जायंट्स कॉजवेला हजारो षटकोनी दगडी खांब एकमेकांना चिकटून समुद्रात उतरत गेलेत, आणि त्यांच्यावर लाटा अशा आदळतात की बोललेलं ऐकू येत नाही. सगळे फोटो काढत होते. मी एका दगडावर बसून घड्याळ बघत होते आणि मनात म्हणत होते, जिवंत असू दे. एवढंच. ओटीचं काय ते नंतर बघू, पण असू दे. मी फारशी देवभोळी नाही, तरी त्या दगडावर बसून मी हे पुन्हा पुन्हा म्हटलं.

तिथून दोरीच्या झुलत्या पुलावर जायचं होतं. वाऱ्यामुळे पूल बंद होता. सगळे हिरमुसले, आणि गिरीशने खिशातून पत्रक काढून पेन्सिलीने खाडाखोड सुरू केली. मी त्याच्यापाशी गेले. काही मागायला तोंड उघडलं नव्हतं, तर तोच म्हणाला, "वरदाताई, पुलाची वाचलेली ट्वेंटी मिनिट्स तुम्हाला. पण दोनला दहा कमी म्हणजे दहा कमी. संध्याकाळची फ्लाइट आहे." मी म्हटलं ना, मनाने बरा आहे.

बॅलीकॅसलला कोच थांबला तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती. समोर बंदर, पलीकडे एक बेट, आणि उजवीकडे समुद्रात तुटून पडणारा काळा उंच कडा. मंडळी फिश अँड चिप्सच्या लाइनीत लागली, ज्यांना चालत नव्हतं त्यांनी बाकावर पोळीभाजी सोडली. मी बॅग उचलून चढावर चालायला लागले. वळून पाहिलं तर सुलक्षणा मागून येत होती. मी येऊ नको म्हटलं नाही.

पत्ता सापडायला वेळ लागला नाही. पांढऱ्या बुटक्या घरांची ओळ, तिच्यातलं शेवटून दुसरं. बेल दाबली. कोणी येईना. पुन्हा दाबली. आतून आवाज नाही, पडदा हलला नाही. दोन मिनिटं गेली, तीन गेली. सुलक्षणाने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला इतकं भरून आलं की मी तो झिडकारला. उशीर केलास वरदे, आयुष्यभर पत्रातून हवापाणी लिहीत बसलीस, आता बस दारात. असं मी स्वतःला म्हणत होते, तेवढ्यात आतून ठक, ठक असा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा ठक. कुणीतरी चालायची फ्रेम टेकत टेकत दाराकडे येत होतं.

दार उघडलं. केस पांढरे, पाठ वाकलेली, हात कापत होते, पण हाडापेर तेच. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "दहा मिनिटं लवकर आलीस. मी ओव्हनपाशी होते."

पत्र तिला मिळालं होतं. हात कापतो म्हणून लिहिता येत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे, तिच्या मते त्यात उत्तर देण्यासारखं होतं काय? एक वाजता येते असं मी लिहिलं होतं, तर एक वाजता ती घरी असणार होती. मला हसावं की रडावं कळेना. सकाळी उठून तिने सोडा ब्रेड केला होता, आणि टेबलावर तीन कप मांडले होते, कारण या वयात तू एकटी प्रवास करणार नाहीस, म्हणाली. सुलक्षणाला तिने नाव विचारलं आणि बसवून घेतलं. क्षितिज कुठे आहे, त्याला दमा झाला का, हेही विचारलं, तिला तेव्हापासून ती भीती होती. चंद्रशेखर गेल्याचं मी सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे वाकली. माझं मनगट धरून बसून राहिली.

मी इंग्रजीत भाषण लिहून आणलं होतं. कागद काढला, चष्मा लावला. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल मी आजवर कधीही, एवढं वाचलं आणि ते सगळं परकं वाटायला लागलं. कागद बाजूला ठेवून मी सरळ सांगून टाकलं. त्या दिवशी दारात मी तुला थँक यू म्हटलं नाही. आमच्यात आईला म्हणत नाहीत. तुला वाटलं असेल, काय कृतघ्न मुलगी आहे. मी त्याची माफी मागायला आलेय.

नुआलाने कप खाली ठेवला.

"दिवसाला बारा घरं करायचे मी. सगळे थँक यू म्हणायचे आणि दार लावायचे. तू कधीच म्हणाली नाहीस. तू रोज विचारायचीस, उद्या किती वाजता येशील? तसं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलं नाही." मग जराशाने म्हणाली, "शेवटच्या दिवशी तू विचारलं नाहीस. मी दारात थांबले होते ती त्यासाठी. विचारलं असतंस तर मी आले असते."

इतकी वर्षं मी एका प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि प्रश्नच भलता होता. सव्वा महिना झाला, आता हिला आणखी कशी अडकवू, असा विचार करून मी ते विचारलं नव्हतं, आणि ही पलीकडे उभी राहून वाट बघत होती. मी रडले. खोटं कशाला सांगू, हमसून हमसून रडले. सुलक्षणाही रडत होती, आणि नुआला आम्हा दोघींना किचन रोलचे तुकडे फाडून देत होती.

मग मी बॅग उघडली. सुलक्षणाकडे बघितलं नाही. आईचे आभार आम्ही असे मानतो, एवढंच नुआलाला सांगितलं. तिच्या खुर्चीपुढे उभी राहिले आणि करंडा शोधायला लागले, तर तो बॅगेत नव्हता. तो सुलक्षणाच्या हातात होता. झाकण उघडून तिने तो माझ्यापुढे धरला.

"तूच लाव, वहिनी. लेकीला कोण विचारतं सवाष्ण आहेस का म्हणून."

मी नुआलाला हळदकुंकू लावलं. पदर कुठला, तिच्या कमरेला एप्रन होता, तोच तिला दोन्ही हातांनी धरायला सांगितला. त्यात खण घातला, नारळ घातला, हळकुंडं, सुपारी, आणि वर ओंजळ ओंजळ तांदूळ. तिने सगळं नीट बघून घेतलं. नारळाच्या शेंडीला हात लावून पाहिला. मग विचारलं, आता मी काय करायचं? मी म्हटलं, काही नाही, त्यातले चार दाणे मला परत द्यायचे. म्हणजे देणारीचं घर रिकामं राहत नाही.

"चार काय करायचेत?" असं म्हणून तिने कापरा हात एप्रनमध्ये घातला आणि मूठ भरून काढली. तांदूळ बोटांमधून गालिच्यावर सांडत होते. कोट पुढे धर, म्हणाली. माझे हात आपोआप मागे गेले. मी तिला सांगितलं, की नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. माझी आता कोणी भरत नाही.

"मला तर नवराच नव्हता," नुआला म्हणाली, "आणि तू आत्ता माझी भरलीस. धर नीट, हात दुखतोय माझा."

माझे हात पाठीमागेच राहिले. तेव्हा सुलक्षणा उठली. माझ्या रेनकोटची दोन टोकं तिने एका हातात धरली, झोळीसारखी पुढे केली, आणि दुसऱ्या हाताने माझ्या कपाळावर कुंकू लावलं. नुआलाने एक मूठ घातली, दुसरी घातली, मग तिसरी. नंतर म्हणाली, थांब, आणि फ्रेम टेकत जाऊन फडक्यात गुंडाळलेला गरम सोडा ब्रेड आणला. तोही तांदळावर ठेवला. त्याची ऊब कोटातून पोटाला लागत होती.

दोनला दहा कमी कधीच वाजून गेले होते. फोन दोनदा वाजला, आम्ही घेतला नाही. नुआला दारापर्यंत आली. पुन्हा एक दार, तीच मी, आणि पुन्हा माझं तोंड मिटलेलं. ती थांबली. म्हणाली, या खेपेलाही विचारणार नाहीस का?

मी विचारलं, "पुन्हा कधी येऊ?"

"मे महिन्यात ये. थंडीत नको, थंडीत मी पडते. आणि पोराला घेऊन ये, त्याची छाती मला ऐकायचीय."

उतारावरून आम्ही दोघी जवळजवळ पळतच आलो. माझ्या दोन्ही हातात कोटाची टोकं, म्हणून सुलक्षणाने माझी बॅगही घेतली होती आणि मला दंडाला धरलं होतं. कोचचं इंजिन चालू होतं. एकवीस चेहरे खिडकीला लागले होते आणि गिरीश पायरीवर उभा होता, हातात पत्रक. चौदा मिनिटं उशीर, वरदाताई, असं त्याने सुरू केलं. मग त्याचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. मग कोटाच्या झोळीकडे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं. गिरीशने आवाज खाली आणून विचारलं, कुठे होतात?

"माहेरी," मी म्हटलं. "तिथून निघताना उशीर होतोच."